एका वाक्याचा मार

क्रांती गजभिये मूळच्या नागपूरच्या. अर्थशास्त्र शिकून सरकारी परीक्षा पास झाल्या, दिल्लीला आल्या आणि आयात-निर्यातीच्या भानगडी निस्तरता निस्तरता मयूर विहारातच पिकल्या. तोंडाने फटकळ. वाटाघाटींना आलेल्या परदेशी साहेबांना चहा पाजत पाजत घाम फोडायच्या. अलीकडे त्यांच्याकडे एकच काम होतं: बाहेरून स्वस्त माल येऊन आपल्या कारखान्यांचं खरंच नुकसान होतंय का, ते तपासायचं. या नुकसानाला खात्यात सगळे 'इंजरी' म्हणतात. इंजरी सिद्ध झाली की आयातीवर जादा कर बसतो, म्हणून कारखानदार छाती बडवत येतात. त्यातले निम्मे नाटकी, असं ताईंचं ठाम मत होतं.

त्या दिवशी त्या नोएडातल्या एका नटबोल्टच्या कारखान्यात गेल्या. मालकाचं रडगाणं चालू, आणि हिशेबात मात्र बक्कळ नफा. ताई वैतागून आवारात आल्या आणि ऑफिसातल्या नीलमला फोन लावला. आवाज जन्मजात मोठा.

"सुनो नीलम, इंजरी-विंजरी कुछ नहीं हुई है. सब ड्रामा है. मैं यही लिखूँगी."

आवारात कामगार जमले होते. आदल्याच आठवड्यात प्रेस मशीनने दिलीप नावाच्या कामगाराचा हात मनगटापासून तोडला होता. निलाजरा मालक म्हणत होता, आमच्याकडे अपघात झालाच नाही. सरकारी बाई आल्या म्हटल्यावर या बिचाऱ्यांना वाटलं, दिलीपचीच चौकशी आली. ताईंना यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

दिलीपच्या भावाची, अर्जुनची, तळपायाची आग मस्तकात गेली. तो गज घेऊनच पुढे आला. "हाथ कट गया मेरे भाई का, और ड्रामा?"

"कौन सा हाथ?" ताईंनी विचारलं.

गज सरळ जबड्यावर बसला. हाड मोडल्याचं त्यांना स्वतःला ऐकू आलं. दुसरा घाव खांद्यावर, तिसरा पाठीवर. मग लाथा. कुणी केस धरून फरफटवलं, कुणी विटा मारल्या. "लिख! अब लिख, कुछ नहीं हुआ!" असं ओरडत अर्जुन रडत होता आणि मारत होता. तेव्हा कुठे ताईंच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि मारापेक्षा त्या समजण्यानेच त्यांचा जीव कासावीस झाला.

मालकाने पोलीस बोलावले. लाठ्या पडायला लागल्या तसा जमाव पांगला. अर्जुन एकटा सापडला. त्याला पालथं पाडून चौघे तुटून पडले. त्याचं डोकं फुटलं, तरी कुणी थांबेना. आता हा मरणार, तेही आपल्या एका वाक्यापायी, हे ताईंना लख्ख दिसलं. मी मालाबद्दल बोलत होते रे, एवढंच त्यांना सांगायचं होतं. तोंडातून फक्त रक्त आलं.

"मैडम, यही था ना?" फौजदाराने वाकून विचारलं.

नाही म्हणायला त्यांनी मान हलवली, पण ती नुसतीच खाली पडली.

"हाँ बोल दिया मैडम ने!" मालक ओरडला. लाठ्या दुप्पट जोराने पडू लागल्या.

ताई कोपरांवर सरपटत गेल्या आणि अर्जुनच्या अंगावर आडव्या पडल्या. पुढची लाठी त्यांच्या बरगडीत बसली. मग हात थांबले. अर्जुनने मान वळवून एक डोळा उघडला, वर कोण आहे ते पाहिलं आणि उरलासुरला जीव एकवटून त्यांच्या तोंडावर थुंकला.

ताईंनी त्याला सोडलं नाही.