डाळ शिजेल तिथं हिवाळा

दिल्लीतलं सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही तिथल्याच द्वारकेत स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो, त्या दिवशी आईने दूध उतू घालवण्याआधी डाळ शिजत घातली. नव्वदचं दशक सरत आलं होतं. सेक्टरांना नंबर मिळाले होते, झाडं अजून मिळायची होती. घर घेताना मी लिफ्ट पाहिली, भिंती वाजवून पाहिल्या, पुढेमागे मेट्रो येणार असल्याची बातमी कापून ठेवली. पाणी मात्र चाखलं नाही. ते सोसायटीच्या बोअरिंगचं होतं.

दीड तासाने आईने पातेल्यातला एक दाणा दोन बोटांत धरून माझ्यापुढे केला. दाबला तरी तो दबेना. आमच्या नगरकडच्या गावात मुलगी द्यायची झाली तरी आधी तिथल्या पाण्यात डाळ शिजते का, याची चौकशी व्हायची. घर बघायला जाताना बायका मूठभर तूरडाळ सोबत न्यायच्या. मला हे लहानपणापासून माहीत होतं. पण पदवी घेतल्यावर काही गोष्टी आपण उगाच मागे ठेवून येतो.

"घर छान घेतलंस," आई म्हणाली. "एवढं शिकलास, पाणी नाही का रे बघितलंस?"

बायको हसून म्हणाली, "बघा, मी नव्हते म्हणत?" खरं तर तीही काही म्हणाली नव्हती. तेव्हापासून आमच्याकडे डाळीचं पाणी वेगळं, टँकरचं, झाकण घातलेल्या पिंपात राहू लागलं.

पाण्यावर इलाज होता. हवेवर नव्हता. आईने उमेदीची सगळी वर्षं विड्या वळल्या होत्या. सुपात तंबाखू, मांडीवर पानांचा गठ्ठा, आणि समोर मी पाढे म्हणत बसलेला. माझं शिक्षण त्या सुपातून झालं, हे मी ऑफिसातही कधी लपवलं नाही. ती तंबाखूची धूळ तिच्या छातीत बसून राहिली होती आणि दिल्लीचा डिसेंबर आला की जागी व्हायची. धुरकं उतरलं, आजूबाजूच्या बांधकामांचे मजूर शेकोट्या पेटवू लागले, की आईची धाप सुरू.

डॉक्टरांनी छाती तपासून विचारलं, "माताजी बीडी पीती हैं?"

"पीती नहीं," आई म्हणाली. "बनाती थी।"

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप गळ्यात अडकवला. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, की औषधं देतो, पण डिसेंबर ते फेब्रुवारी यांना इथे ठेवू नका. समुद्राकाठी उबदार हवेत न्या. आणखी दोन हिवाळे इथे काढले तर पुढचं सांगता येणार नाही.

माझ्या आईचं बोलणं गावात प्रसिद्ध होतं. कारखान्याचा मुनीम विडीचा जुडगा नापास करायला लागला, की ती जी सुरुवात करायची ती एकाच दमात त्याच्या सात पिढ्यांपर्यंत पोचायची. बायका हात थांबवून ऐकायच्या. त्या हिवाळ्यात तीच आई मला साधं "सुनबाईला सांग, दूध तापव" एवढं सांगताना दोनदा थांबली. मी दार उघडून बाल्कनीत गेलो आणि लगेच आत आलो, कारण दारातून थंडी येत होती.

मग मी फाइल उघडली. सरकारी नोकरीने दिलेली ही सवय. कव्हरवर 'हिवाळी निवास' असं ठळक अक्षरात लिहिलं. काळही बदलत होता. ऑफिसातले लोक दुसऱ्या घराच्या गोष्टी डबा खाताना करायचे आणि बिल्डर रंगीत पत्रकं पोस्टाने पाठवायचे. कोकणातली रेल्वे नुकतीच सुरू झाल्याने निजामुद्दीनला बसलं की थेट रत्नागिरीला उतरता येत होतं. चौकटीच्या कागदावर मी रकाने आखले. समुद्र किती दूर, दवाखाना किती दूर, जिने किती, ऊन कोणत्या बाजूने. एका नव्या इमारतीच्या पत्रकावर बाल्कनीतून दिसणारा समुद्र होता. तिथली जागा भाड्याने घ्यायचं मी जवळजवळ ठरवूनच टाकलं. आईने उभ्या आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. मला तो तिला द्यायचा होता.

एका संध्याकाळी मी तिला फाइल वाचून दाखवली. तिने शेवटपर्यंत ऐकली.

"यात पाणी कुठंय?" तिने विचारलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी आणि आई रत्नागिरीला गेलो. बायको मुलांच्या सुट्टीनंतरच्या परीक्षेसाठी मागे राहिली. निघताना आईच्या पिशवीत छोटं पातेलं आणि रुमालात बांधलेली डाळ मला दिसली. गाडीत मी तिला हळूच विनवलं, की एजंटसमोर हे काढू नकोस. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

एजंट मनमिळाऊ माणूस होता. इमारतीत शिरताच मी फाइल उघडून विचारलं, डिसेंबरात या खोलीत ऊन किती वाजेपर्यंत राहतं? दिल्लीत हिवाळ्याचं घर बघताना पहिला प्रश्न हाच असतो. तो माझ्याकडे बघतच राहिला.

"साहेब, आमच्याकडे लोक विचारतात, ऊन कुठल्या खोलीत येत नाही?"

मी तो रकाना मुकाट्याने खोडला. बाल्कनीतून समुद्र पत्रकातल्यासारखाच दिसत होता. आईला दाखवावा म्हणून वळलो, तर ती नव्हती. शोधत खाली आलो. पत्र्याच्या खोपटासमोर वॉचमनच्या बायकोशेजारी ती उकिडवी बसली होती आणि चुलीवर आमचं पातेलं होतं. पाणी इमारतीच्या विहिरीचं. दोघींच्या गप्पा माहेरापर्यंत पोचल्या होत्या. एजंट घड्याळ बघू लागला. लाजेने माझे कान तापले.

तासाभराने आईने पळी वर काढली. दाणा न् दाणा वेगळा होता. वॉचमनची बायको म्हणाली, की आम्हीही वरच्या आळीतून पाणी आणतो, हे मचूळ आहे, पण आम्हाला कोण विचारतो.

"आता विचारलं की," आई म्हणाली आणि पातेलं विसळायला उठली.

त्याच बाईने चढावर एका निवृत्त शिक्षिकेच्या घराची माडी रिकामी असल्याचं सांगितलं. माझ्या फाइलीत ते घर नव्हतं. जांभ्या दगडाच्या भिंती, कौलं, परसात विहीर. माडीवरून समुद्र दिसत नव्हता, फणसाचं झाड दिसत होतं. शिक्षिकाबाई आईच्याच वयाच्या. आईने पिशवीतून पातेलं काढलं तेव्हा मी क्षमा मागायला तोंड उघडलं, पण बाईंनी काही न विचारता पोहरा विहिरीत सोडला.

आमचा चहा होईपर्यंत डाळ फुटली. बाईंनी झाकण काढून वास घेतला.

"मीठ आता घालू, की फोडणी दिल्यावर?" त्यांनी आईला विचारलं.

घर तिथेच ठरलं. ती डाळ आम्ही भातावर घेऊन जेवलो. दुपारी मी आईला रिक्षाने समुद्रावर नेलं. पायाला पाणी लागल्यावर तिने ओंजळ भरून चाखलं आणि थुंकून टाकलं. "एवढं पाणी," ती म्हणाली, "आणि एक डाळ शिजायची नाही." पण परतताना दोनदा मागे वळून बघितलं तिने.

आता सोबतीचा प्रश्न उरला. फाइलीत मी माझी आणि बायकोची रजा पंधरा-पंधरा दिवसांच्या चार पाळ्यांत वाटली होती, तरी जवळजवळ महिना कोरा राहत होता. आईने तो परस्पर भरला. गावाकडच्या धाकट्या मावशीला तिने पोस्टकार्ड धाडलं. मावशीनेही तिच्याच शेजारी बसून विड्या वळल्या होत्या, आणि तीही आता एकटीच होती. आम्ही कुणी रजा काढायची नाही, असं आईने बजावलं. नातवंडांच्या परीक्षा महत्त्वाच्या.

नोव्हेंबर संपताना मी दोघींना माडीवर पोचवून आलो. जाताना आईच्या ट्रंकेत मी बळेच रजई घातली होती. ती तिथे तीन महिने गादी म्हणून खाली अंथरली गेली.

जानेवारीत दिल्लीत सलग सहा दिवस सूर्य दिसला नाही. समोरची इमारत धुक्यात नाहीशी झाली. सातव्या दिवशी, रविवारी सकाळी, फोन वाजला. बाईंच्या घरून आई बोलत होती. मी फक्त तब्येत विचारली.

"माझी तब्येत चांगलीय, तू तुझं सांग, सुनबाई म्हणती तू सकाळचा गरम पाण्याचा वाफारा घेत नाहीस आणि ऑफिसला मफलर न घेता जातोस, आणि त्या पोरांना अजून टँकरचंच पाणी देतोस की बोअरिंगचं पाजतोस, इथे बाई म्हणतात तुमचा मुलगा एवढा हुशार मग दर पत्रात ऊन आलं का म्हणून काय विचारतो, ऊन आलंय बाबा, इतकं आलंय की मावशी दुपारी फणसाखाली सतरंजी टाकून निजती, आणि पुढल्या खेपेला येशील तेव्हा तुरीची डाळ आण, नगरची आण, इथली शिजती पण तिला ती चव नाही, ऐकतोयस ना?"

बायको माझ्याकडे बघत होती. मी फोन तिच्या कानाला लावला आणि पुन्हा स्वतःच्या कानाला लावला.

"ऐकतोय," मी म्हणालो. "अजून बोल."