बोलिव्हियाला गेलेल्या आक्का

आक्कांना नमस्कार केला की त्या समोरच्याचं मनगटच धरत. गप्पा चालू, चहा चालू, आणि बोटं नाडीवर. साउथहॅम्प्टनच्या आमच्या मराठी मंडळातल्या बायका हसत हात पदराआड लपवायच्या. "अहो आक्का, आज रविवार आहे!"

"हृदयाला कुठे रविवार असतो?" आक्का म्हणत.

ऐंशीच्या दशकात मी पुण्याहून नवीनच आलेली ज्युनिअर डॉक्टर होते. आक्का हार्टच्या वॉर्डात सीनिअर, मूळच्या सांगलीच्या, एकट्या राहणाऱ्या. वॉर्डात त्यांच्या इंग्रजीला सगळे टरकायचे, कॉरिडॉरमध्ये आल्या की लगेच, "जेवलीस का गं?" त्या परक्या गावात मला हे विचारणारं दुसरं कोणी नव्हतं.

एकदा बंदरावरून जहाजावरच्या एका स्वयंपाक्याला आणलं. बोलिव्हियाचा होता. पाय सुजलेले, जरा चालला की धाप. बाकीच्यांनी दारूवर खापर फोडलं. आक्कांनी त्याला दीर्घ श्वास घ्यायला लावला, मग उभं केलं. अशा वेळी निरोगी माणसाची नाडी कमीजास्त होते. त्याची जवळजवळ हललीच नाही.

"याच्या हृदयाच्या नर्व्हज गेल्यात," त्या मला म्हणाल्या आणि दुभाष्याकडे वळून त्याच्या लहानपणीच्या घराची चौकशी करू लागल्या. घर मातीचं होतं. भिंतींच्या फटींत रक्त पिणारे किडे असायचे, झोपेत चावायचे. त्या किड्यांमुळे अंगात शिरलेला परजीवी इतकी वर्षं त्याचं हृदय पोखरत होता. रक्त तपासल्यावर तो चागास नावाचा आजार निघाला.

"हृदय दमलं की शरीर घाबरून त्याला चाबूक मारतं," आक्कांनी मला समजावलं. "आवरायला लगामही असतो. याचा लगामच तुटलाय गं."

गोळ्यांनी सूज उतरली, पण आजार बरा होण्यातला नव्हता. त्याला फक्त बोलिव्हियातल्या सांताक्रूझला, मुलीकडे जायचं होतं, आणि डॉक्टर सोबत असल्याशिवाय विमानात घेणार नव्हते. आक्कांनी सांगलीला जायला रजा साठवली होती. त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. "आई, पुढच्या वर्षी नक्की येते." रिसीव्हर ठेवून ती सगळी रजा त्याच्यासोबत जायला लावली. ते पुढचं वर्ष आईंनी पाहिलं नाही.

तो माणूस घरी पोचला, मुलीजवळ काही आठवडे जगला. मग आक्कांचा फोन आला. "इथे गल्लोगल्ली अशी हृदयं आहेत गं. थोडी थांबते." ते थोडं थांबणं संपलंच नाही.

नव्वदच्या दशकात एकदा भाचीच्या लग्नाला जाताना त्या हीथ्रोवर उतरल्या. मी भाकरी आणि ठेचा घेऊन धावले. तिथल्या बाकावर त्यांनी डोळे मिटून सगळं खाल्लं. "तिकडे मक्याच्या पिठाची थापते. त्या स्वयंपाक्याची पोर आवडीनं खाते."

"आता परत या ना, आक्का."

"परत म्हणजे कुठे गं?" त्या हसल्या. मी रिकाम्या डब्याला झाकण लावलं.

काही वर्षांनी एका दुपारी फोन वाजला. पलीकडे कोणी बाई स्पॅनिशमध्ये रडत बोलत होती. ती त्या स्वयंपाक्याची मुलगीच असणार. मला एकच शब्द कळत होता, "आक्का". मीही तेवढंच म्हणत राहिले.