बारीक डोळ्यांचा चष्मेवाला

चष्म्याच्या दुकानात शिरल्या शिरल्या दुकानदारच डोळे बारीक करून आपल्याकडे बघायला लागला, तर गिऱ्हाइकाने काय समजावं? नवीन गिऱ्हाईक आधी मागे वळून बघायचं, आपल्या पाठोपाठ कोण आलंय म्हणून. जुनी गिऱ्हाइकं मात्र निमूट स्टुलावर बसायची. पहिलं अर्धं मिनिट असंच जाणार, हे त्यांना ठाऊक होतं. शेरीफ मोडका चष्मा हातात घेणार, उलटा करणार, सुलटा करणार, दाराबाहेरच्या उन्हाकडे एक नजर टाकणार आणि मग जबड्याच्या एका कोपऱ्यातून दोन शब्द सोडणार, "होऊन जाईल." एकदा एक बाई वडलांचा चष्मा दुरुस्तीला घेऊन आल्या होत्या. शेरीफांचा चेहरा बघून त्यांनी तिथूनच घरी फोन लावला, बाबा बरे आहेत ना म्हणून.

शेरीफ, म्हणजे घोडा-पिस्तूलवाल्या सिनेमांतला गावचा फौजदार, हे काही आईवडलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते गल्लीने ठेवलं, आणि ठेवताना चेष्टाच होती. पण त्यांनी ते पदवीसारखं स्वीकारलं आणि चेष्टा करणाऱ्यांची निराशा केली.

या सगळ्याच्या मुळाशी होते स्पॅगेटी वेस्टर्न. म्हणजे इटलीच्या लोकांनी स्पेनच्या माळावर काढलेले अमेरिकेचे सिनेमे. नटाचे ओठ एका भाषेत हलतात, आवाज दुसऱ्याच भाषेत येतो आणि ओठ मिटल्यावरही वाक्य थोडा वेळ चालू राहतं. धूळ, माश्या, कुणाची तरी शिट्टी आणि तीन माणसं एकमेकांकडे बघत उभी. बघतायत, बघतायत. आपण उठावं, चहा करावा, प्यावा, कप विसळून परत यावं, तर अजून बघतायत. मग डोळ्याचं पातं लवायच्या आत गोळी सुटते आणि दोघं आडवे. शेरीफांनी हे कॉलेजात असताना पहिल्यांदा बघितलं, आणि तेव्हापासून तीस वर्षं त्यांनी कुणाकडेही सरळ बघितलं नव्हतं.

दर रविवारी सकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत या सिनेमांची बैठक भरायची. औषधाच्या दुकानाचा मालक, निवृत्त पोस्टमास्तर आणि बँकेचा गार्ड, असे तीन भक्त. औषधवाल्याच्या घरी गळक्या नळाचं वॉशर बदलावं की नळच बदलावा, यावर आठ महिने चर्चा चालली होती. पोस्टमास्तरांच्या मुलाने कुठे राहायचं हे सुनेने ठरवलं होतं, आणि पोस्टमास्तरांनी कुठे राहायचं हेही. अशा माणसांना पडद्यावर एक दाढी वाढलेला इसम दिसायचा. त्याला घर नाही, सून नाही, कुठल्या फॉर्मवर त्याची सही नाही. तो कुणालाही काहीही समजावून सांगत नाही, आणि तरी सगळ्यांना समजतं. दोन तास का होईना, आपणही आतून असेच आहोत असं वाटून घ्यायला काय हरकत आहे? दोन तासांनी तिघेही पिशव्या घेऊन सांगितलेली भाजी आणायला जायचे.

खांद्याला खरी बंदूक लावणारा त्यांच्यात एकटा गार्ड, आणि तोच दहा मिनिटांत झोपायचा. एकदा त्याला मध्येच जाग आली, तेव्हा पडद्यावर तिघं बंदुकीवर हात ठेवून उभे होते.

"बंदूक घेऊन उभा असलेला माणूस काय विचार करतो, सांगू?" गार्ड म्हणाला. "बूट काढता आले असते तर बरं झालं असतं. बास, एवढाच."

त्याला पुढचा महिनाभर कुणी बोलावलं नाही.

शेरीफ स्वतः टीव्हीपासून हातभर अंतरावर बसायचे. बाकीच्यांना अर्धा सिनेमा आणि अर्धं शेरीफांचं डोकं दिसायचं. कुणी कुरकुर केली की उत्तर तयार, "क्लोजअप आहे. जवळूनच बघायचा." दुसऱ्या कुठल्या सिनेमात त्यांचं मन रमत नसे. त्यात सगळं लांब लांब आणि अंधुक असतं, असं त्यांचं मत होतं. माणसाचा चेहरा भिंतीएवढा दाखवायची हिंमत फक्त या लोकांत. नजर मात्र त्यांची तीक्ष्ण. बावन्नाव्या वर्षी, चष्मा न लावता, तिळाएवढा स्क्रू फ्रेमच्या काडीत पहिल्या फटक्यात बसवायचे आणि वर म्हणायचे, "माझ्या वयाचा एक माणूस दाखवा."

दुकान खरं तर बोलण्यावर चालायचं, आणि ते बोलणं त्यांचं नव्हतं. आठ वर्षं ते काम धाकटीने केलं. ही त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलगी. काचा घासायला, नंबर काढायला, गिऱ्हाइकाचं नाक न दुखावता फ्रेम बसवायला तिला शेरीफांनीच शिकवलं होतं. शिकवता शिकवता सिनेमेही दाखवले होते आणि त्यातलं तत्त्वज्ञानही सांगितलं होतं, "यात सज्जन कुणी नसतो. जो तो आपलं बघतो." दोन वर्षांपूर्वी तिने आपलं बघितलं आणि बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे, स्वतःचं दुकान टाकलं. गल्ली आता थोरलं दुकान आणि धाकटं दुकान असं म्हणायला लागली, आणि तिला धाकटी.

शेरीफांना याचं दुःख झालं असेल, पण त्याहून जास्त बरं वाटलं. अखेर आयुष्यात एक शत्रू आला, तोही रस्त्याच्या समोरासमोर. ते दुपारी पायरीवर उभे राहून, दोन्ही अंगठे पट्ट्यात अडकवून, तिच्या दुकानाकडे डोळे बारीक करून बघत राहायचे. ती काचेतून हात हलवायची. शेरीफ कधीही उलट हात हलवत नसत. बायकोला हे उर्मटपणाचं वाटायचं.

असं दोन वर्षं चाललं, आणि मग बस डेपोचं पत्र आलं.

डेपोच्या एकशे चाळीस ड्रायव्हरांची नजर तपासायची आणि लागतील त्यांना चष्मे करून द्यायचे, हे काम बावीस वर्षं थोरल्या दुकानाकडे होतं. थोरलं दुकान त्यावरच उभं होतं. बाकी रस्त्यावरून येणारं गिऱ्हाईक केव्हाच बोलणाऱ्या दुकानात जायला लागलं होतं. पत्रात लिहिलं होतं की यंदा डेपोचे साहेब गुरुवारी तीन वाजता दोन्ही दुकानं स्वतः बघतील आणि मग काम कुणाला ते ठरवतील.

"हे गेलं तर शटर ओढायचं," बायको म्हणाली. "कळतंय ना?"

"हं."

"हं नाही. साहेब आले की या म्हणायचं, बसा म्हणायचं. बावीस वर्षांची कार्डं काढून ठेवलीत, ती दाखवायची. कुठल्या ड्रायव्हरला कधी काय नंबर दिला ते सांगायचं. तोंडाने."

"काम बोलतं."

"काम बोलत नाही हो. मी बोलते. आणि गुरुवारी मी नाहीये, आईला दवाखान्यात न्यायचंय."

मनातल्या मनात गुरुवार शेरीफांनी केव्हाच रंगवून ठेवला होता. जो आधी बोलतो तो हरतो, हे तीस वर्षांच्या अभ्यासातून निघालेलं सार होतं. बुधवारी त्यांनी कार्डं कपाटात ठेवून दिली आणि बुटांना पॉलिश केलं.

गुरुवारी तीन वाजता डेपोचे साहेब रिक्षातून उतरले. बुटके, घामाघूम, हातात फाइल. पायरीवर शेरीफ उभे. साहेब म्हणाले, "नमस्कार." शेरीफांनी डोळे बारीक केले. साहेब म्हणाले, "मी डेपोतून आलोय." शेरीफांनी हनुवटी एक बोटभर खाली केली आणि परत वर घेतली. साहेबांनी रुमाल काढून मान पुसली. समोरच्या दुकानातून धाकटी बाहेर आली आणि तीही रस्त्याच्या कडेला उभी राहिली. तिघं जण तीन टोकांना. शेरीफांच्या अंगावर काटा आला. असा क्षण माणसाच्या वाट्याला एकदाच येतो.

"यांना बरं नाहीये का?" साहेबांनी रस्त्यापलीकडे विचारलं.

"नाही हो, काका असेच आहेत," धाकटी म्हणाली. "आत या ना साहेब, पंखा चालू आहे."

साहेब पंख्याकडे गेले. शेरीफांना त्यांच्या मागोमाग, मनात ठरवल्यापेक्षा बऱ्याच भरभर, रस्ता ओलांडावा लागला.

आत साहेब गार पाणी प्यायले आणि त्यांनी खुर्ची ओढून घेतली. "हे बघा, मला काचांमधलं कळत नाही. मला गाड्यांमधलं कळतं. ब्रेक तपासणारा मेकॅनिक स्वतः ज्या स्कूटरवर येतो, तिचे ब्रेक मी आधी बघतो. तेव्हा तुम्ही दोघं आधी एकमेकांचे डोळे तपासा. माझ्यासमोर."

धाकटी हसत खुर्चीत बसली. शेरीफांनी अगदी जवळ जाऊन, डोळ्यांत बॅटरी मारून तिला तपासलं. दोन्ही डोळे उत्तम. मग शेरीफ बसले. समोरच्या भिंतीवर कागदाचा तक्ता नव्हता, पडदा होता. त्यावर अक्षरं उमटत होती, असं त्यांना वाटलं. धाकटीने उजवा डोळा झाकला आणि म्हणाली, "वाचा काका."

शेरीफांनी डोळा बारीक केला आणि सुरुवात केली. "ट. ल, घ. न, फ, र." आवाज खणखणीत. एक ओळ झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. मुंगीएवढ्या अक्षरांची शेवटची ओळसुद्धा त्यांनी न अडखळता म्हटली आणि जबड्याच्या कोपऱ्यातून किंचित हसले.

साहेब बराच वेळ पडद्याकडे बघत होते. मग त्यांनी स्वतःचा चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मला तर पहिलंच अक्षर क दिसतंय," ते म्हणाले. "मीच बसू का तपासायला?"

पंखा फिरत होता. शेरीफांनी धाकटीकडे बघितलं. तिने एक शब्द टाकला असता तरी पुरलं असतं. मशीन बिघडलंय, चुकून दुसरी ओळ लागली, काहीही. त्यांनी आठ वर्षं तिला शिकवलं होतं की यात सज्जन कुणी नसतो. विद्यार्थिनी हुशार निघाली.

"काका," ती हळूच म्हणाली, "तो आपल्या दुकानातला तक्ता झाला. हा वेगळा आहे."

बावीस वर्षं रोज तोच तक्ता शेकडो लोकांकडून म्हणून घेतल्यावर तो कुणालाही पाठ होईल. शेरीफांना तो इतका पाठ होता की आपण वाचत नाही, म्हणतोय, हे त्यांना स्वतःलाही कळलं नव्हतं. धाकटीने नंबर काढला. दोन्ही डोळ्यांना उणे अडीच. लांबचं दिसत नाही, म्हणून डोळे बारीक होतात. जवळचं चष्म्याशिवाय दिसतं, म्हणून स्क्रू बसतो. चष्म्याच्या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात ती गोष्ट, आणि तिला ती शिकवणारे तेच.

"म्हणजे तुम्ही समोर उभे राहून माझ्याकडे बघत होतात ते..." ती म्हणाली.

"तू दिसत नव्हतीस," शेरीफ म्हणाले. "आकार दिसायचा."

काम धाकट्या दुकानाला गेलं.

बायकोला हे संध्याकाळी कळलं. ती आधी रडली, मग पाचेक मिनिटं थांबून इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. "एकवीस वर्षं मला वाटलं, माझ्यावर चिडून बघताय," ती म्हणाली.

धाकटीने चष्मा फुकट करून दिला, तो त्यांनी रविवारी घातला. बैठकीला टीव्ही पहिल्यांदाच भिंतीपर्यंत मागे सरकवला गेला. शेरीफांना त्या दिवशी माळ दिसला. ज्याला ते आजवर पडद्यावरचा डाग समजत होते तो लांबून येणारा घोडेस्वार होता, आणि तो सहा मिनिटं येत होता. गावाच्या मागे घरं नव्हती, नुसते लाकडी दर्शनी भाग बांबूंवर टेकवलेले होते. एका मेलेल्या डाकूने नाकावरची माशी हाकलली. औषधवाला घाबरत म्हणाला, "खोटं वाटतं का आता?" शेरीफ म्हणाले, "नाही. पुन्हा लाव." सिनेमाचं प्रेम असं सहजी उतरत नाही. त्याला नंबर लागत नाही.

दुकानाचं मात्र काय करायचं? महिन्याभराने बायकोनेच विषय काढला.

"धाकटी फ्रेमा बाहेरगावी पाठवते बसवायला. वाकड्या येतात. ड्रायव्हर लोक तिच्या दारात भांडतायत. तिच्याकडे तुमच्यासारखा हात नाहीये. जा आणि विचारा."

"तिने विचारावं."

"तिला गरज आहे अर्धी. आपल्याला पूर्ण."

शेरीफ गेले. काउंटरसमोर उभे राहिले आणि धाकटीने आधी बोलायची वाट बघायला लागले. धाकटी पावत्या लावत होती. ती वर बघेना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. वाट बघायलाही ती त्यांच्याकडेच शिकली होती.

"काम आहे?" शेरीफ शेवटी म्हणाले.

"कसलं, काका?"

"फ्रेमचं."

"कुणाला पाहिजे?"

शेरीफांनी घसा साफ केला. तीस वर्षांत एका दमात एवढं ते बोलले नव्हते. "मला पाहिजे. दुकान चालत नाही. फ्रेम मला नीट बसवता येतात आणि तुला येत नाहीत, म्हणजे येतात, पण तुला वेळ नाही. मी रोज येईन."

"दहाला या," धाकटी म्हणाली. "आणि माझ्याकडे गिऱ्हाइकाशी बोलायचं असतं. नुसतं बघायचं नसतं."

तिने वाकड्या फ्रेमांचा पुठ्ठ्याचा खोका पुढे सरकवला. बाकावर एक जाडजूड ड्रायव्हर कान चोळत बसला होता, त्याची ड्यूटी अर्ध्या तासात सुरू होणार होती. शेरीफांनी त्याचा चष्मा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. ड्रायव्हर बिचकून त्यांच्या तोंडाकडे बघायला लागला. धाकटी पावत्या लावायची थांबली.

"कुठे टोचतंय?" शेरीफांनी विचारलं.

ड्रायव्हरने कानापासून सुरुवात केली आणि साहेबांपर्यंत सगळं सांगितलं. शेरीफांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.