पेशंटसाठी दिलेला धूर

पेशींना सुट्टी नसते, हे मला आमच्या लालबागच्या चाळीत कुणालाच कधी पटवून देता आलं नाही. गणपतीला आई-बाबा गावी निघाले, तेव्हा आईने बॅगेची चेन ओढता ओढता विचारलं, "तुझ्या त्या पेशी चार दिवस शेजारी ठेवता येत नाहीत का?" मी चिडले. मी तशी लवकरच चिडते. परळच्या एका संशोधन संस्थेत माझं पीएचडीचं काम चालू होतं आणि काचपात्रातल्या पेशींचं खाद्य रोज बदलायला लागायचं. एक दिवस चुकला की त्या रुसायच्या, आणि त्यांचा रुसवा काढणं मला आजवर जमलेलं नाही.

त्या वर्षी माझा सगळा जीव एका कुपीत अडकला होता. माणसाच्या कातडीची पूर्ण वाढलेली पेशी घ्यायची आणि तिला पुन्हा त्या वयात न्यायची, जिथे आपण काय व्हायचं हे तिने अजून ठरवलेलं नसतं, असा आमचा खटाटोप होता. त्यासाठी चार प्रथिनं लागायची. ही प्रथिनं पेशीच्या केंद्रकात शिरून डीएनएवर नेमक्या जागी बसतात आणि कोणत्या जनुकाने बोलायचं, कोणत्या जनुकाने गप्प बसायचं, ते ठरवतात. तीन आमच्या फ्रीजरमध्ये होती. चौथं, ऑक्ट-फोर, परदेशातून यायचं होतं. ते माणसाचंच, पण माणसातून काढलेलं नव्हे. माणसाचं जनुक जिवाणूंमध्ये घालून त्यांच्याकडून बनवून घेतलेलं. आधीची कुपी माझ्याच हातून वाया गेली होती. एकदा वितळलं की हे प्रथिन बिघडायला लागतं, पुन्हा गोठवून काही उपयोग नाही. माझ्या गाइड सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, ही शेवटची. हीपण गेली तर विषय बदल, म्हणजे तीन वर्षांचं काम पाण्यात.

आणि ती कुपी नेमकी गणपतीच्या आदल्या दिवशी मुंबईत उतरली.

आई-बाबांना बसमध्ये बसवायला मी दादरला गेले होते. तिथे कुरियरवाल्याचा फोन आला. "मॅडम, तुमच्या संस्थेचं स्टोअर बंद आहे. वॉचमन सही करत नाही. सुट्टीनंतर आणू का?" सुट्टीनंतर म्हणजे खोक्यातला ड्राय आइस, तो गोठवलेल्या वायूचा बर्फ, धूर होऊन उडून गेलेला आणि माझं प्रथिन कोमट. सामान संस्थेतच उतरवायचं हा नियम मी बाजूला ठेवला आणि चाळीचा पत्ता दिला. "दार बंद असेल तर खाली मंडपात कुणाकडेही द्या," असंही सांगितलं. वर्षानुवर्षं आमच्या चाळीत गॅसच्या सिलिंडरपासून लग्नाच्या पत्रिकेपर्यंत सगळं असंच पोचत आलंय. त्यात काही चुकेल असं मनातही आलं नाही.

दादरहून लालबागपर्यंत चालत आले. दुसरा इलाजच नव्हता, मूर्ती निघाल्या होत्या आणि रस्ता ढोलवाल्यांच्या ताब्यात होता. चाळीच्या दारात शिरले तर अंगणात गुडघाभर पांढरा धूर. त्या वर्षीचा देखावा कैलासाचा होता आणि कैलासावरून ढग खाली वाहत होते. मंडळाची माणसं टाळ्या वाजवत होती. कोपऱ्यात कोमट पाण्याचं घमेलं फसफसत होतं आणि त्याच्या शेजारी उघडं, रिकामं पडलं होतं माझं खोकं. परदेशी शिक्क्यांसकट.

धुरासाठी मंडळानेही त्याच दुपारी ड्राय आइस मागवला होता. दारात बर्फाचं खोकं आलं, सही झाली, झाकण उडालं.

त्यानंतर मी जे बोलले ते बाप्पाच्या मंडपात बोलण्यासारखं नव्हतं. माझं ऐकून ढोलाच्या सरावाला बसलेली माणसंही थांबली.

"आरडू नको गो," मागून आवाज आला. "हय ये आधी."

ते पहिल्या मजल्यावरचे काका. गिरणी बंद पडेपर्यंत मशीनदुरुस्तीत होते, आणि तेव्हापासून चाळीचा देखावा त्यांच्याच हातात. त्यांनी मला पडद्यामागे नेलं. तिथे थंड पेयांची मोठी पेटी होती, तिच्यावर दोन गोणपाटं, त्यावर एक पाट, आणि पाटावर पहारा द्यायला काकी. काकींना उठवून झाकण काढलं. आत काठोकाठ ड्राय आइस होता आणि मधोमध पिशवीतली माझी कुपी.

वरचा थर धुरात गेल्यावर काकांना ती दिसली होती. चष्मा लावून त्यांनी लेबल वाचलं. त्यातला एकच शब्द त्यांना लागला, 'ह्यूमन'. "माणसाचा काय तरी हा," ते म्हणाले. "हास्पिटलात कोणतरी वाट बघत असतला." आमच्या बाजूला चार पावलांवर हॉस्पिटलं. बर्फाचं खोकं घेऊन कुणी धावताना दिसलं की ते पेशंटसाठीच असणार, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. काकांनी तिथल्या तिथे घमेल्यात बर्फ टाकणं बंद केलं, आधी पडलेला तेवढाच अजून धुमसत होता. तेवढ्यात मंडळाचा स्वतःचा बर्फ आला, तोही सगळाच्या सगळा त्यांनी कुपीवर ओतला.

मी हातरुमालात धरून कुपी उचलली आणि हळूच आडवी केली. आतला थेंब वितळला असता तर सरकला असता. तो जागचा हलला नाही. पुन्हा आडवी केली. नाही हलला.

"गोठलेलंच आहे," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं. ते ऐकून अंगणात पुन्हा टाळ्या पडल्या.

"पेशंट कोण हा?" काकींनी विचारलं.

खरं सांगायची हीच वेळ होती. पण सगळा धूर देऊन बसलेली ती माणसं माझ्याकडे बघत होती. "आहे एक," मी म्हटलं, आणि पेटी उचलून परळच्या दिशेने सुटले.

दुसऱ्या दिवशी कैलासावर ढग नव्हते. सुट्टीमुळे बर्फ मिळाला नाही. लोक विचारायचे, "धूर कुठाय?" काका ऐटीत सांगायचे, "पेशंटाक दिलो." इथवर ठीक होतं. पण आरतीनंतर त्यांनी माइक घेतला आणि हॉस्पिटलातल्या त्या अनोळखी पेशंटला बरं वाटू दे, असं गाऱ्हाणं घातलं. अख्ख्या चाळीने "होय महाराजा" म्हटलं. मीही म्हटलं. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

विसर्जनाच्या सकाळी हिंमत करून काकांना गाठलं आणि सगळं सांगितलं. पेशंट कुणीच नाही. काचेच्या ताटलीत नुसत्या पेशी आहेत. यातून कधी कुणाला बरं वाटलंच तर त्याला फार वर्षं जातील, आणि कदाचित काहीच होणार नाही.

काकांनी हातातली पताका सोडवून बाजूला ठेवली. "म्हणजे आजारी पडूच्या आधीच तुमची धावपळ," ते म्हणाले. रागावले की नाही ते कळलं नाही. आणि चाळीत त्यांनी कुणालाही काही सांगितलं नाही. जिन्यात बायका पेशंटची चौकशी करत राहिल्या आणि काका परस्पर उत्तर देत राहिले, "उपचार चालू हत."

चारही प्रथिनं पेशींना दिली. रोज जाऊन बघायचे, रोज काही नाही. सरांनी विचारणंच सोडून दिलं. आणि मग एका सकाळी ताटलीच्या कडेला एक वस्ती दिसली. लहान, गोल, दाटीवाटीने बसलेल्या पेशी, कड अगदी रेखीव, वयाने मागे गेलेल्या पेशी दिसतात तशीच. पुढे तपासण्यांमध्येही ती खरी उतरली, पण त्या सकाळी मी कुणासाठी थांबले नाही. सूक्ष्मदर्शकाला मोबाइल लावून फोटो काढला, आणि सरांच्या खोलीवरून तशीच चालत चाळीत आले.

काका गॅलरीत पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा पुसला, मोबाइल लांब धरला, जवळ धरला.

"ह्योच तो पेशंट?"

"हो, काका."

त्यांनी पुन्हा एकदा नीट निरखून बघितलं.

"तब्येत बरी दिसता," ते म्हणाले आणि काकींना दाखवायला मोबाइल घेऊन आत गेले.