वन्संची सूर्यचूल

शेजारच्या वकिलांकडे पुण्याहून ट्रंककॉल आला तेव्हा मी शेंगांची चटणी कुटत होते. वकिलीणबाई आल्या त्या उंबऱ्याशीच थबकल्या. मीच म्हटलं, "वन्सं ना?" त्या तिकडे दवाखान्यात आहेत हे ठाऊक होतं, तरी आपलं माणूस परत येणार असंच आपण धरून चालतो. वन्सं गेल्या त्याला आता दोन महिने होत आले.

गिरिजावन्सं म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण. नणंदेला नावं ठेवणं हा भावजयीचा हक्क, आणि मी तो पुरेपूर बजावला. पुण्याला इंजिनीअरिंगच्या वर्गात मुलगी अशा त्या एकट्याच. शिकून सोलापुरातच एका संशोधन केंद्रात लागल्या. आधी पवनचक्क्या, मग सूर्यचूल. लग्नाचं विचारलं की नुसत्या हसायच्या. आमची गच्ची त्यांनी कधी बळकावली ते कळलंही नाही. लाकडी पेटी, वर काच, मागे आरसा. माझे पापड गेले जिन्यात. पहिल्या दिवशीचा भात आम्ही अक्षरशः चावून खाल्ला. मी म्हटलं, "वन्सं, सोलापूरच्या उन्हात माणसं शिजतात, तांदूळ तेवढे राहिले!" त्या रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी भांडी बाहेरून काळी रंगवून आणली. काळा रंग ऊन पितो, म्हणाल्या. भात खरंच शिजला. रॉकेलसाठी रांगा लागायच्या ते दिवस. ही पेटी घरोघरी जाणार, एवढाच ध्यास त्यांनी घेतला होता.

जवळच्या मंद्रूप गावात काही घरांत पेट्या दिल्या, काळ्या भांड्यांसकट. थोड्याच दिवसांत तक्रार आली, डाळ कच्ची राहते. दिल्लीहून समिती पाहणीला येणार होती. तिला पटलं नाही तर काम बंद, आणि वन्संची नेमणूकही त्या कामापुरतीच. केंद्राचे साहेब म्हणाले, बायका निष्काळजी आहेत. वन्सं मला सोबत घेऊन मंद्रूपला गेल्या. गौराबाई नावाच्या बाईंच्या घरात मांडणीवर तीच पातेली लखलखत होती.

"रंग कुठं गेला?" वन्संनी विचारलं.

"घासला की! लई चिवट हुता, राख लावून लावून काढला." गौराबाई कौतुकाच्या अपेक्षेनं बघत होत्या. "काळं भांडं मांडणीवर ठिवलं तर पै-पावनं काय म्हनतील? ह्या घरात बाई हाय का न्हाय?"

मला हसू आवरेना. परतताना एसटीत म्हटलं, "घासू नका म्हणून सांगायचं, झालं."

"तू ठेवशील काळं पातेलं मांडणीवर?"



मग त्यांनी पेटीच बदलली. आत काळ्या पत्र्याचे डबे पक्के बसवले. त्यात घरचं लखलखीत पातेलं उतरवायचं. डाळ शिजायची, पण वेळ लागायचा. साहेब म्हणाले, समितीपुरती काळी भांडी ठेवा. वन्संनी ऐकलं नाही. गौराबाईंच्या अंगणात समितीचे पाहुणे घड्याळ बघत बसले, डाळ काही शिजेना, आणि गाडीची वेळ झाली तसे ते उठले. काम बंद पडलं. वन्सं एका तंत्रनिकेतनात शिकवायला लागल्या. संशोधन सुटलं ते सुटलंच. मी फार चिडले होते. "एका दिवसाचा तर प्रश्न होता!"

"त्यांचा एक दिवस, सुमन. गौराबाईला रोज रांधायचंय," एवढं बोलून त्या तोंड फिरवून रडल्या. त्यांना रडताना मी तेवढंच पाहिलं. वन्सं हरल्या असंच मला वाटत राहिलं. त्यांनाही वाटत असावं...

गेल्या आठवड्यात गौराबाई पत्ता विचारत दारात आल्या. हातात गाठी मारलेली सुतळी.

"बाई हायेत का? शेळीनं उडी मारून चुलीची काच फोडली. ह्या मापाची पायजे."

"अजून वापरता ती चूल?"

"मंग! डाळ घालून रानात जाते, येईस्तवर मऊ. बसायला कुनाला येळ हाय तितं?"

मी त्यांना वन्संचं सांगितलं. त्या उंबऱ्यातच बसल्या. सुतळीच्या गाठी चाचपत म्हणाल्या, "आता काच कोन बसवनार?"

मला काय येतंय काच बसवायला! पण वन्संना हे कळायला हवं होतं हो, फार हवं होतं... सुतळीच्या मापाची काच कापून आणली आणि दुसऱ्या दिवशी मंद्रूपच्या पहिल्या एसटीत ती मांडीवर धरून बसले. गौराबाई रानात जायच्या आत पोचायचं होतं.