तयार संदर्भसूची

बुलढाण्यात कॉलेजच्या गेटसमोर वंदनाचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान. बारावीनंतर ती टायपिंग शिकली आणि लग्न झाल्यावर नवऱ्याच्या मागे हात धुऊन लागून तिने हे दुकान टाकलं. एम.ए. मराठीची पोरं ऐनवेळी प्रकल्प घेऊन धावत यायची आणि जाता जाता म्हणायची, "ताई, मांगं एखादी संदर्भसूची लावून द्या." एखादी! जशी काही भाजीवरची कोथिंबीर.

वंदनाने मग एक भारदस्त यादी तयारच करून ठेवली होती. जाडजूड ग्रंथ, लेखक, प्रकाशन, साल. विषय कोणताही असो, शेवटी यादी तीच. सरांनीही कधी हूं की चूं केलं नाही, कारण शेवटचं पान वाचतो कोण?

धामणगाव बढ्याच्या गोपालने मात्र संदर्भ स्वतः लिहून आणला होता. शेतात तण निंदताना बाया गाणी म्हणतात, त्यांवर त्याचा प्रकल्प. शेवटच्या पानावर एकच ओळ: 'जनकाबाई, माझी आई, शेतमजूर. गाणी तिच्या तोंडून ऐकून उतरवली.' वंदनाला ते पान फार उघडंबोडकं वाटलं. पोराचं हसं होईल, असं म्हणून तिने ती ओळ पुसली आणि आपली यादी लावली. त्याला सांगितलंही नाही. वर पुण्य केल्याचं समाधान! गोपालनेही न पाहताच प्रकल्प जमा केला.

तोंडी परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी गोपाल आईला घेऊन दुकानात आला. जनकाबाई स्टुलावर बसली. गोपालने प्रकल्प काउंटरवर ठेवला.

"ताई, सरायनं इचारलं, यातलं कोन्तं गाणं कोन्त्या पुस्तकातलं? म्या म्हटलं, माह्या मायची हायेत. तं म्हणे, मंग तिचं नाव काऊन नाही टाकलं? लाज वाटते का मायची? प्रकल्प वापस केला."

कॉम्प्युटरची चूक झाली, हे गिऱ्हाइकांना सांगायचं नेहमीचं वाक्य वंदनाच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात जनकाबाईने प्रकल्प मांडीवर घेतला. सहीपुरतं तिला आपलं नाव ओळखता यायचं. यादीवरून तिचं बोट सावकाश खाली सरकत होतं. तळाशी येऊन ते थांबलं आणि परत वर गेलं.

"नाही सापडणार, काकू," वंदना म्हणाली. "म्याच काढलं. मले वाटलं, पुस्तकाच्या जागी निंदणाऱ्या बाईचं नाव बरं नाही दिसत."

जनकाबाई रागावली नाही. "बराबर हाय, बाई," ती म्हणाली. "कोनाले बरं दिसन?"

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. वंदनाची स्वतःची आई जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात निंदत आली होती, आणि बाहेर कोणी विचारलं की वंदना 'आमची शेती आहे' असं सांगत आली होती. भर धंद्याच्या वेळी तिने शटर ओढलं आणि दोघांना घेऊन कॉलेजात गेली.

प्रकल्प परत करणारे शेषराव सर टेबलावर पेपर तपासत होते. जनकाबाई चपला काढून दाराबाहेरच थांबली.

"सर, त्यानं मायचं नाव टाकलं होतं. म्या पुसलं," वंदना म्हणाली. "लाज त्याले नव्हती वाटली. मले वाटली."

सरांनी पेन खाली ठेवलं. "ठीक आहे. पान बदलून आणा," ते म्हणाले. वंदना वळली. जनकाबाई दाराबाहेरच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. शेवटच्या पानावर आता तिचं नाव येणार होतं.