नत्थूलाल सगळ्यांना जुळतो

गोंदियाजवळच्या फुलचूरच्या ओमेश्वरी टेंभरेने २००४ साली कॉम्प्युटरचा कोर्स संपवला आणि लगेच आपल्या समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्यासाठी स्थळं जुळवणारा प्रोग्राम लिहिला. मुलीचं कुळ, वय, शिक्षण टाकायचं, की जुळणाऱ्या मुलांची यादी छापून येणार; मुलाचं टाकलं की मुलींची. मेळाव्याला चार दिवस उरले तेव्हा तिने पहिल्या बारा मुलींच्या याद्या काढल्या. बाराही याद्यांत सगळ्यात वर एकच नाव: नत्थूलाल बिसेन.

नत्थूलालजी मेळाव्याचे अध्यक्ष होते. वय अडुसष्ट, नातवंडं पाच.

संध्याकाळपर्यंत बातमी फुलचूरभर झाली. अध्यक्ष मिशीला पीळ देत फिरू लागले. त्यांची बायको चंद्रावती मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच ओमेश्वरीकडे येऊन खुर्ची ओढून बसली.

"माह्या बुढ्याले नवरदेव बनवून रायली का वं तू?"

ओमेश्वरीला रडूच यायचं बाकी होतं. तिने वयाची अट बदलली, कुळाची बदलली, अर्धा प्रोग्राम पुसून पुन्हा लिहिला. दर वेळी प्रिंटर करकरायचा आणि नत्थूलालजी हजर! एकदा तर ते मुलींच्या यादीत निघाले, एका इंजिनियर मुलासाठी. चंद्रावती पोट धरून हसली.

"आता थांब वं. कायले खटखट करून रायली? हात काढ त्याच्यावरून. नुसतं पाह्य."

ओमेश्वरीने हात मांडीवर ठेवले. मग ती एकेक ओळ मोठ्याने वाचू लागली. आपल्याला काय लिहायचं होतं ते नाही, तिथे काय लिहिलंय तेवढंच. हळूहळू घाई गेली. चूक कुठे असेल याचा अंदाज बांधणंही सुटलं.

"पण माह्या बुढ्याबद्दल लिवलं काय व्होतं तू?" चंद्रावतीने विचारलं.

"काहीच नाही, काकी. प्रोग्राम चालतो का पाहायला सगळ्यात आधी त्यांचं नुसतं नाव टाकलं होतं. वय रिकामं, कुळ रिकामं, मुलगा की मुलगी तेही रिकामं, सगळंच..."

ती थांबली. जागा रिकामी असेल तर अट तपासू नकोस, असं तिनेच लिहिलं होतं. नत्थूलालजींचं सगळंच रिकामं, म्हणून त्यांचं कुणाशीच वाकडं नव्हतं! तिने चंद्रावतीला मिठी मारली, उचलून गरकन फिरवलं, आणि दोघी पलंगावर कोसळून खिदळत राहिल्या. दुरुस्तीला दोन ओळी पुरल्या. मेळाव्यात नऊ लग्नं ठरली. अध्यक्ष आठवडाभर रुसून होते.

पुढे ओमेश्वरीने गोंदियात कॉम्प्युटरचा क्लास काढला. प्रोग्राममधली चूक सापडेनाशी झाली की ती मुलांना हात मांडीवर ठेवून ओळी वाचायला लावायची. तिथे शिकवणारा केवलराम एकदा म्हणाला, "मॅडम, ये तो झेन है. जपानमधले साधू असेच गप बसून पाहत राहतात. वर्षानुवर्षं."

"बापरे! मग सापडते का चूक?"

केवलरामने डोकं खाजवलं. "पुस्तकात लिहिलंय, शेवटी शोधणाराच सापडत नाही."

ओमेश्वरी इतकी हसली, इतकी हसली की तिला पुढचं शिकवताच येईना. तिने सगळ्यांसाठी समोसे मागवले आणि त्या दिवशीचा क्लास लवकर सोडला.